सेव्हच्या खिडकीत मराठी नव्हती

१९९७ चा पावसाळा. दिवाळी अंकांचं काम नुकतंच सुरू झालं होतं आणि आमच्या डीटीपी सेंटरमध्ये एक ज्येष्ठ कंपोझिटर कामाला आले. पुण्यात शनिवार पेठेतली दोन खोल्यांची जागा, तीन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर. या काकांनी तीस वर्षं खिळे जुळवले होते. त्यांचा छापखाना बंद पडला, तेव्हा तिथल्या मालकांनी शब्द टाकून त्यांना आमच्याकडे पाठवलं. मी बावीस वर्षांचा, विंडोज ९५ वर हात बसलेला, म्हणून त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

शिकवायला फारसं काही लागलंच नाही. छापखान्याचा पत्रव्यवहार काकाच टाइपरायटरवर करायचे, त्यामुळे रेमिंग्टनचा कीबोर्ड त्यांच्या बोटांत होता. तासाभरात त्यांनी एका कथेचं पहिलं पान उतरवलं आणि त्यात मला एकही चूक सापडली नाही. मी म्हटलं, "काका, आता सेव्ह करा. फाईलला नाव द्या." सेव्हची छोटी खिडकी उघडली. कथेचं नाव 'पाणवठा'. काकांनी त्याच बोटांनी त्याच कळा दाबल्या आणि खिडकीत काही इंग्रजी अक्षरं, एक कंस आणि एक स्वल्पविराम उमटला. त्यांनी खोडून पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, परत डोळ्यावर चढवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, पानावर मराठी येते आणि इथे का येत नाही? मशीन तर एकच आहे ना?"

मी सांगितलं, "काका, इथे नाव इंग्रजीतच द्यायचं असतं." मलाही माझ्या शिकवणाऱ्याने हेच सांगितलं होतं. खरं उत्तर मला माहीत नव्हतं.

शाळेच्या पुस्तकात या उत्तराचा तक्ता असतो. डाव्या रकान्यात सिस्टीम सॉफ्टवेअर: ऑपरेटिंग सिस्टीम, बायॉस, प्रिंटरचा ड्रायव्हर. उजव्या रकान्यात ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर: पत्रं लिहायचा प्रोग्रॅम, पानं लावायचा प्रोग्रॅम, हिशेबाचा प्रोग्रॅम. पहिलं यंत्र चालवतं, दुसरं माणसाचं काम करतं, असं खाली लिहिलेलं. मुलं ते पाठ करतात आणि दोन गुण मिळवतात. मला हा फरक काकांच्या त्या प्रश्नामुळे कळला, आणि कळायला बराच काळ लागला. पान ॲप्लिकेशनचं होतं आणि त्याला मराठी दाखवायची युक्ती शिकवलेली होती. सेव्हची खिडकी सिस्टीमची होती. त्या सिस्टीमला मराठी नावाची भाषा या जगात आहे, हेच ठाऊक नव्हतं.

युक्ती अशी होती. कॉम्प्युटरच्या लेखी फाईलमध्ये इंग्रजीच अक्षरं असायची. फक्त त्या अक्षरांना जो फॉन्ट लावलेला, त्यात इंग्रजी आकारांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले. त्या काळच्या एका लोकप्रिय फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द म्हणजे छोटा एम, ए, आर, ए, झेड आणि शेवटी कॅपिटल आय. एम म्हणजे अर्धा म, ए म्हणजे नुसती उभी दांडी. एका दांडीने म पुरा केला आणि तशाच दुसरीने पुढे र ला काना दिला. झेड म्हणजे ठ, कॅपिटल आय म्हणजे दीर्घ वेलांटी. दिसायला सुरेख 'मराठी', आत मात्र सहा इंग्रजी अक्षरं. शिवाय प्रत्येक कंपनीची जुळणी वेगळी. एकाच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडला की गिचमीड. काही सॉफ्टवेअरबरोबर डोंगल यायचा, प्रिंटरच्या पोर्टात खोचायचा अंगठ्याएवढा खटका. तो काढला की मराठी बंद. रात्री सेंटरला कुलूप लावताना मालक तो खिशात घालून घरी न्यायचे.

आता सिस्टीमला जर तो मजकूर इंग्रजी वाटत असेल, तर ती त्याच्याशी इंग्रजीसारखंच वागणार. लेखकांपैकी काहीजण तेव्हा घरी टाइप करून फ्लॉपी आणून द्यायला लागले होते. एका बाईंच्या लेखात प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर भलतंच. त्या रडकुंडीला आल्या होत्या, "मी तपासूनच दिलं होतं हो!" त्यांचं खरंच होतं. लिहायच्या प्रोग्रॅममध्ये वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करायची सोय चालू राहिली होती. इंग्रजीत छोटा आणि कॅपिटल म्हणजे एकच अक्षर. आमच्या फॉन्टमध्ये ते दोन अगदी निराळे तुकडे. प्रोग्रॅमने मदत म्हणून केलं आणि दोनशे वाक्यांची तोंडं फिरली.

पण या सगळ्यांत माझ्या मनात घर करून बसलेला किस्सा सूचीचा आहे. गडकोटांवरच्या एका पुस्तकाचं काम आमच्याकडे होतं. शेवटी स्थळांची सूची हवी. चारशेच्या आसपास नावं. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं की कॉम्प्युटर अकारविल्हे लावून देईल, पाच मिनिटांचं काम आहे. सॉर्टची आज्ञा दिली आणि बघतो तर जिंजी, तिकोना, विशाळगड, विसापूर, शिवनेरी आणि सिंहगड एका कळपात. राजगड-रायगड कुठेतरी लांब. मला काही उलगडेना. काका मागे येऊन उभे राहिले, यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "या सगळ्यांना पहिल्या अक्षराला ऱ्हस्व वेलांटी आहे."

तेच होतं. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारतात आणि अक्षर मागून, कारण कागदावर ती डावीकडे असते. फॉन्टमध्येही तोच क्रम. म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने शिवनेरी 'श' ने सुरूच होत नव्हता, वेलांटीच्या तुकड्याने सुरू होत होता. डोळ्यांना शब्द दिसत होते, पण आत शब्द नव्हते, शब्दांची चित्रं होती. आणि चित्रं अकारविल्हे लावता येत नाहीत. शेवटी चारशे नावांची प्रिंट काढली, कात्रीने चिठ्ठ्या कापल्या, उडू नयेत म्हणून पंखा बंद केला आणि काका, मी आणि मालकांची मुलगी असे तिघे घामाघूम होत रात्री दीडपर्यंत फरशीवर बसून सूची लावत होतो.

अशा वेळी एक गोष्ट आठवून माझा जीव तुटायचा, कारण हे असंच असायला हवं होतं असं नाही. त्याच्या काही वर्षं आधी मी एका सरकारी कचेरीत डॉसवरच्या डीबेसमध्ये देवनागरी नावं पाहिली होती. डीबेस हा परदेशात बनलेला प्रोग्रॅम, त्याला देवनागरीचा गंधही नाही. तरी पडद्यावर नावं मराठीत, आणि यादी बरीचशी वर्णमालेच्या क्रमाने लावलेली. तिथल्या गृहस्थांनी माझं कुतूहल बघून कॅबिनेट उघडून दाखवलं. आत एक लांबलचक जिस्ट कार्ड बसवलं होतं.

जिस्टचं मूळ आयआयटी कानपूरमधल्या संशोधनात, आणि ते कचेऱ्याकचेऱ्यांत पोचवलं पुण्याच्या सी-डॅकने. १९८८ साली सुरू झालेली ही संस्था लोकांना परम या महासंगणकामुळे माहीत आहे. माझ्यासारख्या अक्षरांच्या धंद्यातल्या माणसाला ती जिस्टमुळे जवळची. या कार्डाची जागाच मोक्याची होती. ते कुठल्या प्रोग्रॅममध्ये शिरत नव्हतं. प्रोग्रॅमच्या खाली, कीबोर्ड आणि पडदा यांच्यापाशी बसायचं. वरचा प्रोग्रॅम नुसते आकडे पाठवायचा आणि त्या आकड्यांचं देवनागरी करून पडद्यावर दाखवायचं काम कार्डाचं. त्यामुळे वर डीबेस असो, वर्डस्टार असो की लोटस, सगळ्यांना देवनागरी एकदम मिळायची. मजकूर इस्की या भारतीय मानकात साठायचा, आणि त्यात 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी. बोलतो त्या क्रमाने. म्हणून शिवनेरी 'श' खालीच सापडायचा. लिपी कागदावर कशी दिसते ते एकीकडे आणि शब्द आत कसा साठवायचा ते दुसरीकडे, हा विचार आपल्याकडच्या लोकांनी तेव्हाच पक्का केलेला होता. तो माझ्या मते भारतीय संगणकशास्त्रातल्या फार मोठ्या कामांपैकी एक आहे आणि त्याची बूज म्हणावी तशी राखली गेली नाही.

मग विंडोज आली. पडद्यावर अक्षर काढण्याचं काम तिने स्वतःकडे घेतलं, आणि मध्ये बसायला कार्डाला जागा उरली नाही. खालचं दार बंद झालं तशी मराठी वरच्या मजल्यावर, ॲप्लिकेशनमध्ये, फॉन्टच्या युक्तीने राहायला गेली.

काकांना मी हे कधीतरी चहा पिताना समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ते आपल्या भाषेत चटकन लावून घेतलं. "म्हणजे खिळे छापखान्याचे नाहीत," ते म्हणाले, "प्रत्येक पुस्तकवाल्याने आपापले खिळे पिशवीत घालून आणायचे आणि जाताना घेऊन जायचे." छापखान्यात खिळे केसमध्ये, म्हणजे खणाखणांच्या पेटीत असायचे. त्याच केसमधून सकाळी लग्नपत्रिका जुळवायची, दुपारी बारीकसारीक हँडबिल, रात्री कादंबरीचा फॉर्म. काम बदलतं, केस तीच. सिस्टीम आणि ॲप्लिकेशन यांच्यातला फरक याहून नेमका सांगितलेला मी अजून कुठे वाचलेला नाही.

खिळे पिशवीत घालून नेण्याचा फटका आम्हाला त्याच दिवाळीत बसला. अंकाची फाईल छपाईसाठी फिल्म काढायला दिली होती. रात्री साडेदहाला तिथल्या माणसाचा फोन. "साहेब, तुमचा अंक इंग्रजी आहे का हो?" सोळा पानी फॉर्मची अख्खी फिल्म कुरिअर फॉन्टमध्ये निघाली होती. आमचा फॉन्ट फाईलबरोबर गेलाच नव्हता, आणि फिल्म काढणाऱ्या यंत्रणेला तो मिळाला नाही म्हणून तिने आपला नेहमीचा बदली फॉन्ट वापरला. तिच्या दृष्टीने तिने काहीच चूक केली नाही, समोर इंग्रजी अक्षरं होती, ती इंग्रजीत छापली. मी फ्लॉपी घेऊन पावसात सायकल हाणली.

दरम्यान जगात दुसरीकडे बरंच घडून गेलं होतं. सगळ्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या मानकाच्या १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला १२८ जागांचा पट्टा मिळाला होता, आणि त्याची मांडणी आपल्या इस्कीवरूनच घेतलेली. पण जागा मिळणं वेगळं आणि तिथे नांदणं वेगळं. इंग्रजीत एक आकडा, एक आकार, शेजारी शेजारी मांडत जायचं की झालं. देवनागरीत वेलांटी उडी मारून डावीकडे यायला हवी, 'र्क' मधला र रफार होऊन क च्या डोक्यावर जायला हवा, त आणि र एकत्र आले की त्र व्हायला हवा. हे सगळं कुणीतरी करायला हवं, आणि ते एकदाच, सगळ्यांसाठी, खाली बसून करायला हवं. विंडोजमध्ये हे काम करणाऱ्या भागाचं नाव युनिस्क्राइब. २००० साली आलेल्या विंडोज २००० मध्ये तो देवनागरीसाठी तयार होऊन आला. सोबत फॉन्ट आला मंगल, आणि त्याचे रेखाटनकार होते आपले र. कृ. जोशी. कवी, सुलेखनकार, जाहिरातीच्या क्षेत्रात गाजलेले, नंतर आयआयटी मुंबईत शिकवणारे. मंगल दिसायला साधा, थोडा ठेंगणा. अनेकांनी त्याला नावं ठेवली. त्या फॉन्टने काय काम केलं हे ज्यांनी चिठ्ठ्या कापल्या त्यांना विचारावं.

विंडोज एक्सपीच्या काळात तर मी पुण्यात सीडी पिशवीत घेऊन हिंडायचो. कंट्रोल पॅनेल उघडायचं, भाषांच्या पानावर जायचं, तिथे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'साठी एक छोटा चौकोन असायचा, त्यात खूण करायची. मग विंडोज सीडी मागायची. फाईली उतरवून झाल्या की मशीन बंद करून चालू. हे केलं नाही तर वेलांट्या जागेवर बसायच्या नाहीत. किती प्रकाशकांच्या, शिक्षकांच्या, वकिलांच्या घरी मी त्या चौकोनात खूण केली असेल, मोजदाद नाही.

पहिल्यांदा स्वतःच्या मशीनवर केलं, तेव्हा डेस्कटॉपवर रिकामा फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं 'पाणवठा'. उमटलं. काका तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. मी एसटीडी बूथवरून फोन लावून सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "मग आता वेलांटी आधी की नंतर?"

"नंतर," मी म्हटलं. "आधी अक्षर, मग वेलांटी."

"म्हणजे बोलतो तशी," काका म्हणाले.

सिस्टीमला भाषा कळते म्हणजे किती बारीक गोष्टी कळाव्या लागतात, याचं एक उदाहरण देतो. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यास बोलवा' म्हटलं तर गुरुजी येतील, 'आचाऱ्यास बोलवा' म्हटलं तर लग्नाच्या जेवणाची चिंता मिटेल. रफार आणि तो आडवा, पापणीसारखा र, हा फरक मराठीत अर्थच बदलतो. हिंदीत तो लागत नाही. म्हणून देवनागरी येते एवढ्याने मराठी येत नाही. युनिकोडमध्ये हा र लिहायचे दोन मार्ग झाले: एक नुक्त्याच्या ऱ वरून, दुसरा साध्या र ला एक अदृश्य सांधणारं चिन्ह जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत वेगळे. परिणामी 'दऱ्या' शोधलं तर निम्म्या सापडतात आणि निम्म्या दडून बसतात. तसाच ळ. युनिकोडच्या पट्ट्यात तो ल च्या शेजारी आहे, आपल्या वर्णमालेत ह च्या नंतर, आणि मग क्ष, ज्ञ. अकारविल्हे लावताना हे सिस्टीमला मराठीपुरतं वेगळं सांगावं लागतं. आणि ॲ हे अक्षर, ज्याच्याशिवाय ॲप्लिकेशन हा शब्द मला लिहिता येत नाही, ते स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आलं थेट २००८ मध्ये.

एवढं झालं तरी आमच्या धंद्याची सुटका लगेच झाली नाही. सिस्टीमला येतं, पण पानं लावायचा प्रोग्रॅम तिला विचारतच नाही, अशी नवीनच अडचण उभी राहिली. ओळी तोडणं, अक्षरांतलं अंतर सांभाळणं हे असले प्रोग्रॅम स्वतःच्या पद्धतीने करतात, त्यामुळे अक्षरं जुळवायचं कामही त्यांनी स्वतःकडेच ठेवलेलं. म्हणून खिडकीत मराठी, पानावर नाही. काकांचा प्रश्न बरोबर उलटा झाला. इनडिझाइन या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्यांची अधिकृत सोय आली ती २०१२ च्या सीएस६ मध्ये. तोपर्यंत लेखक ईमेलने युनिकोडमध्ये पाठवायचे आणि आम्ही तो मजकूर परत मोडून जुन्या फॉन्टमध्ये घालायचो. धड शब्दांची पुन्हा चित्रं करायचो. ते करताना मला फार वाईट वाटायचं.

मोबाइलवरही हीच कथा. २०१० च्या सुमारास माझ्या भाच्याकडे साधा फोन होता. त्यात देवनागरी नव्हतीच, नुसते चौकोन. पण पठ्ठ्या त्यावर मराठी बातम्या वाचायचा. त्याने मला ऑपेरा मिनी या ब्राउझरमधला एक छुपा पत्ता दाखवला. तिथे अवघड लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरं वापरायची सोय होती. ती चालू केली की दूरच्या सर्व्हरवर मराठीची चित्रं तयार होऊन फोनवर यायची. त्या एका ॲपमध्ये मराठी, बाकी सगळ्या फोनमध्ये चौकोन. एसएमएस आला की चौकोन, नाव साठवायचं तर चौकोन. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, मला मात्र शनिवार पेठ आठवली. पुढे हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं मुक्त सॉफ्टवेअर अँड्रॉइडमध्ये आलं, फोनबरोबर देवनागरी फॉन्ट येऊ लागले, आणि आता दादरच्या फुलवालीपासून अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळापर्यंत कुणीच चौकोनात खूण करत नाही.

डीटीपी सेंटर आता नाही. मी उरलेलं काम करतो. जुन्या सीड्या आणि झिप डिस्क घेऊन लेखक, संपादक, कुणाच्या मुली-सुना येतात. "बाबांची कादंबरी आहे यात, उघडत नाही." उघडते, पण गिचमीड. कुठल्या कंपनीचा फॉन्ट, कुठली आवृत्ती, हे आधी गिचमिडीवरून ओळखायचं. सवयीने ते जमतं. कॅपिटल आय शब्दांच्या शेवटी फार दिसला की एक, टोपीवाली परदेशी अक्षरं दिसली की दुसरा. मग रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढायचं, वेलांट्या अक्षरामागे न्यायच्या, रफार योग्य अक्षराला जोडायचे. प्रोग्रॅम नव्वद टक्के काम चोख करतो. उरलेलं हाताने. श च्या अर्ध्या तुकड्यापुढची दांडी कुणाची, हे वाक्य वाचल्याशिवाय ठरत नाही.

सध्या १९९७ च्याच त्या अंकाचं काम चालू आहे. फाईलींना काकांनी नाइलाजाने इंग्रजी नावं दिली होती, तीही आकड्यांतच: एक, दोन, तीन. 'पाणवठा' सात नंबरच्या फाईलमध्ये सापडली. छापील अंक समोर उघडा ठेवून मी ओळीवर पट्टी ठेवतो आणि बायको मोठ्याने वाचते. काल बावीस पानांपर्यंत आलो. अजून एकही चूक काकांची निघालेली नाही, निघाल्या त्या सगळ्या रूपांतराच्या.